टीव्हीतल्या बाईसाठी दहीभात

ग्वाल्हेरच्या पडाव भागातल्या या लॉजमध्ये दुपारी पडदा ओढला तरी खोलीत पुरता अंधार होत नाही. कडेनं उन्हाची एक पट्टी आत शिरते आणि नेमकी फोनच्या काचेवर पडते. मी उठून टॉवेल खिडकीवर टाकला, त्याची दोन टोकं वरच्या गजात खोचली, आणि हात तिथेच थांबले. अशी टोकं खोचायची रीत आत्याची. ती गोधडी खोचायची, एवढाच फरक.

शनिवारची दुपार आहे. पदवीच्या प्रमाणपत्राची दुसरी प्रत काढायला मी ग्वाल्हेरला आले आहे. काल युनिव्हर्सिटीतल्या बाबूनं अर्ज ठेवून घेतला आणि सोमवारी यायला सांगितलं. दोन दिवस रिकामे. आणि फोनमध्ये त्या जुन्या भुताच्या मालिकेचा एकच भाग बघायचा राहिलेला, शेवटचा.

कुणा भल्या माणसानं जुन्या व्हिडिओ कॅसेटवरून ती अख्खी मालिका इंटरनेटवर चढवली आहे. चित्राच्या तळाशी सतत एक पांढरी रेघ थरथरते, मधूनच आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा होतो. पावसाळ्यापासून मी एकेक भाग बघत आले. जेवणाच्या सुट्टीत बघितले, भाजी निवडताना बघितले. आता सगळं दिसतं. हवेत तरंगणाऱ्या ताटाला बांधलेला दोरा दिसतो. धुक्याच्या नळीचं तोंड जिन्याखाली दिसतं. बंगल्यात जिना एकच आहे, तोच दर वेळी वेगळ्या बाजूनं दाखवतात. एकदा तर भूत झालेल्या बाईच्या मनगटावर घड्याळाचा पट्टा उमटलेला दिसला. मला हसू यायला हवं होतं. पण सुरुवातीचं ते संगीत लागलं, आधी कुत्र्याचं लांबून रडणं, मग दाराची करकर, मग एकच घुंगरू, की माझ्या पाठीवर अजून तसाच काटा येतो. काट्याबरोबर वास येतो. तापलेल्या टीव्हीवरच्या धुळीचा, कूलरच्या ओल्या वाळ्याचा आणि विरजणाचा.

आम्ही ग्वाल्हेरच्या लश्कर भागात, पाटणकर बाजाराच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत राहायचो. बाबा सरकारी दफ्तरात ट्रेसर होते. साहेबांच्या नकाशांवर पारदर्शक कागद ठेवून रेघा उतरवायचं काम. आमचे पूर्वज दक्षिणेतून इथं फौजेत आले. घराण्यात घोडे सांभाळणारे झाले, भाले चालवणारे झाले, पुढे दफ्तरात शिपाई झाले, बाबा मॅट्रिक होऊन ट्रेसर झाले. बी.ए. झालेली मी पहिली. हे मी कुणी न विचारताही सांगते आणि मला त्याची लाज वाटत नाही.

मालिका दर शुक्रवारी रात्री लागायची. पण बाबांचा नियम होता, सूर्य मावळल्यावर घरात भूत लागणार नाही. त्यामुळे आम्ही शनिवारी दुपारी तोच भाग पुन्हा दाखवत तेव्हा बघायचो. भुतासाठी अंधार हवा म्हणून आत्या खिडकीवर गोधडी खोचायची, दाराच्या फटीत पोतं सरकवायची. बाहेर गल्लीत रद्दीवाला ओरडतोय, नळावर भांडण चाललंय, आणि आत आम्ही तिघी एकमेकींचे पदर धरून बसलेल्या. आई मधूनच डोळे झाकायची आणि काय झालं ते मला विचारत राहायची. आत्या मात्र डोळे झाकत नसे. ती मांडी घालून, हनुवटी हातावर टेकवून, कुणाच्या घरचं गाऱ्हाणं ऐकावं तशी बघायची.

आत्या बाबांची मोठी बहीण. तिचं सासर हजीऱ्याला होतं, आमच्या घरापासून टेंपोनं वीस मिनिटं. ती तिथून आमच्याकडे कधी आली, का आली, हे मी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. एवढंच पाहिलं की बाजारातून हजीऱ्याकडे जाणारा टेंपो निघाला की कंडक्टर पोरगा “हजीरा, हजीरा” ओरडायचा आणि आत्या त्या वेळी हटकून भाजीचा भाव विचारायची.

मालिकेतली बाई रोज जेवणाच्या वेळी यायची. डोंगरातला बंगला, त्यात नवं राहायला आलेलं एक श्रीमंत कुटुंब, आणि ताटं मांडली की स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन उभी राहणारी ती. पांढरी साडी, तिला लाल काठ. आत यायची नाही, बोलायची नाही, नुसती उभी. मग दिवे लुकलुकायचे, ताटं हलायची, घरातली माणसं किंचाळत पळायची. दर भागात नवा मांत्रिक यायचा. तिला नाव नव्हतं. आम्हीही ठेवलं नाही. आई तिला ‘ती’ म्हणायची. आत्या म्हणायची ‘बिचारी’.

“इतके लोक आहेत घरात,” आत्या एकदा म्हणाली, “पण एकाच्या तोंडून निघत नाही, की बाई, जेवलीस का. मग ताटं नाही हलवणार तर काय करेल?”

आणि त्याच संध्याकाळी तिनं टीव्हीतल्या बाईसाठी उतारा टाकला.

उतारा म्हणजे कुणाला बाधलं, नजर लागली, तर दहीभात ओवाळून गल्लीच्या तोंडाशी ठेवून यायचा. आमच्याकडे ही नेहमीची गोष्ट होती. पण माणसासाठी. टीव्हीवरून उतरवलेला दहीभात मी पहिल्यांदाच पाहिला. ढाकच्या, म्हणजे पळसाच्या, पानाच्या द्रोणात मूठभर भात, वर दही, दह्यावर कुंकवाचं बोट. आत्यानं तो टीव्हीच्या काचेवरून तीनदा फिरवला आणि मला बरोबर घेऊन, दिवे लागायच्या आत, नळाजवळच्या कडुनिंबाखाली ठेवला. ठेवला की वळायचं आणि मागे बघायचं नाही. घरी येऊन पाय धुवायचे.

पुढे हे दर शनिवारी ठरूनच गेलं. आई हसायची. म्हणायची, “वन्सं, बिजलीचं बिल आपण भरतो, आता तिचं जेवणही आपल्याकडेच का?” आत्या म्हणायची, एक मूठ तर आहे. मी नळापर्यंत तिच्याबरोबर जायची आणि वळल्यावर तीन पावलं टाकून हळूच मागे बघायची. गल्लीतली पिवळी कुत्री येऊन द्रोण चाटत असायची. आत्याला माझी चोरी ठाऊक होती. स्वतः कधी बघत नसे, पण घर जवळ आलं की समोर बघतच विचारायची, “आलं का कुणी?”

“पिवळी आली.”

“म्हणजे जेवली,” आत्या म्हणायची.

मग राज्याचे दोन तुकडे झाले. दफ्तरात याद्या लागल्या, कोण इकडे राहणार, कोण तिकडे जाणार. बाबांचं नाव छत्तीसगडच्या यादीत होतं. ज्या नकाशावरून त्यांनी उभ्या जन्मात शेकडो वेळा रेघ फिरवली तो नकाशाच मधून फाटला, आणि ते पलीकडच्या तुकड्यात गेले. बाबांनी अर्ज केले, साहेबांना भेटले, शेवटी बाजारातून दोन होल्डॉल आणले. आत्या पोह्यांचे डबे भरत म्हणाली, “दिनू, माझा जन्म रियासतीतला. शाळेचे दोन वर्ग झाले मध्य भारतात. लग्न मध्य प्रदेशात. आणि हे बघ, सगळं करून मी लश्करातच. मला अजून कुठे नेऊ नकोस.”

आई बाबांबरोबर रायपूरला गेली. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते, माझं कॉलेज सुटू नये म्हणून मी आणि आत्या इथंच राहिलो. टीव्ही बाबांनी आमच्यासाठी ठेवला. त्या वर्षी ग्वाल्हेरला दिवसातून दोन-दोनदा वीज जायची. वीजघरं छत्तीसगडच्या वाट्याला गेली असं लोक म्हणायचे. आत्याला त्यात फार नवल वाटत नसे. दिवा गेला की म्हणायची, गेली दिनूकडे.

तो हिवाळा मला वासांनी आठवतो. बाजारात तीळ भाजल्याचा आणि गूळ घालून तिळाची गजक कुटल्याचा वास, कंदिलाच्या काचेवरच्या काजळीचा वास, आत्याच्या जुन्या लोकरी शालीत ठेवलेल्या डांबराच्या गोळ्यांचा वास. रविवारी सकाळी आम्ही कोपऱ्यावरच्या एस.टी.डी. बूथवर जायचो. बाबा तिकडून विचारायचे, अभ्यास कसा आहे. आई विचारायची, तिचं काय झालं. रायपूरच्या खोलीत टीव्ही नव्हता. मग मी बूथमध्ये उभी राहून, मीटरकडे डोळा ठेवून, अख्खा भाग भरभर सांगायची.

आणि त्याच हिवाळ्यात मी ती गोष्ट केली.

कॉलेजातल्या तीन मैत्रिणी शनिवारी घरी आल्या होत्या. त्यांतली रचना, जिच्या वडिलांचं पडावला लॉज होतं, माझी सगळ्यात जवळची. मला तर्कशास्त्र शिकवायला लागले होते, अंधश्रद्धेवरच्या निबंधाला मला पहिलं बक्षीस मिळालं होतं, आणि मला वाटायचं की मी आता या गल्लीची उरलेली नाही. टीव्हीवर मालिकेची जाहिरात लागली. मी हसत सांगितलं, “हमारी आत्या इसको दही-चावल खिलाती हैं. टीवी वाली को. हर शनिवार.” त्या हसल्या. मी आणखी हसले. टीव्हीवरून द्रोण कसा फिरवते ते हात फिरवून दाखवलं.

आत्या साबुदाण्याच्या खिचडीच्या बशा घेऊन दारात उभी होती. उंबऱ्यावर. ती आत आली, बशा ठेवल्या, प्रत्येकीला लिंबू हवं का विचारलं.

पुढच्या शनिवारी तिनं गोधडी खोचली, पोतं सरकवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन माझ्याकडे पाठ करून तांदूळ निवडत बसली. मी बोलावलं. म्हणाली, “तू बघ. मला ऐकू येतं इथून.” त्यापुढचे पाच-सहा शनिवार ती तशीच पाठमोरी बसली. उताराही एकटीच ठेवून यायची, मी पुस्तकात डोकं घातल्यावर. माफी मागायला माझ्याजवळ शब्द नव्हते असं नाही. निबंधात बक्षीस मिळवणारी मुलगी मी. पण आमच्या घरात कुणी कुणाची माफी मागितलेली मी कधी ऐकलीच नव्हती, ती कशी मागतात तेच ठाऊक नव्हतं.

शेवटचा भाग आला. मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन म्हटलं, “आत्या, आज संपतंय. ये न. मला एकटीला भीती वाटते.”

हे खोटं होतं, आणि तिला ते कळलं. तरी तिनं सूप खाली ठेवलं, हात पदराला पुसले आणि येऊन बसली. तिच्या गुडघ्याचा माझ्या गुडघ्याला स्पर्श झाला.

शेवटची पंधरा मिनिटं राहिली असतील. बंगल्यात सगळे जेवायला बसलेले. उंबऱ्यावर ती. सगळे उठून मागे सरकतात, पण घरातली सगळ्यात धाकटी मुलगी, दहा-अकरा वर्षांची, जागची हलत नाही. ती समोरचं ताट उचलते. ताट दोन्ही हातांत धरून उंबऱ्याकडे एक पाऊल टाकते. आत्या पुढे वाकली. म्हणाली, “दे. दे, बेटा.”

आणि वीज गेली. पडद्यावर एक पांढरा ठिपका उरला, मग तोही विझला.

आम्ही दोघी अंधार केलेल्या त्या खोलीत तशाच बसून राहिलो. मग आत्यानं उठून गोधडी काढली. एकदम ऊन आत आलं. तिचा चेहरा मी पाहिला आणि चपला घातल्या.

पडावला रचनाच्या लॉजवर जनरेटर होता. टेंपोनं गेले. रचना गच्चीवर केस वाळवत बसली होती. “अरे यार,” ती म्हणाली, “मेरी तो आँख ही लग गई थी. सोमवार को कॉलेज में पूछना किसी से.” मी उलट्या पावली निघाले. येताना टेंपो केला नाही. चालत आले, कारण मला वेळ हवा होता. पडावपासून बाजारापर्यंत मी त्या मालिकेचा शेवट रचला.

आत्या दारातच उभी होती.

“वाढलं तिनं,” मी सांगितलं. “त्या लहान मुलीनं. ती बाई उंबऱ्यावरच बसली, जेवली, आणि निघून गेली. परत येणार नाही आता.”

आत्यानं विचारलं, “काय वाढलं?”

ह्याची तयारी मी केली नव्हती. तोंडातून निघालं, “दहीभात.”

आत्या माझ्याकडे बघत राहिली. मग तिच्या डोळ्यांच्या कडेला ती बारीक घडी पडली, जी मी कित्येक शनिवारांत पाहिली नव्हती.

“त्या लोकांकडे दहीभात कुठून आला ग?”

“चावल होता. बाजूला दही होतं,” मी म्हटलं.

“हां. मग झालाच की,” आत्या म्हणाली.

उताऱ्यासाठी कालवलेला भात ओट्यावर झाकून ठेवलेला होता. आत्यानं झाकण काढलं, त्यात मीठ घातलं, वरून हिरव्या मिरचीची फोडणी दिली. म्हणाली, ती जेवली न, मग आता हा कुणासाठी. आम्ही दोघींनी एका ताटात तो दहीभात खाल्ला. फोडणीत मिरची जळाली होती. इतका चांगला दहीभात मी नंतर कुठेच खाल्ला नाही.

कॉलेजात कुणालाही विचारलं असतं तर खरा शेवट कळला असता. मी विचारला नाही. माझा सांगून झाला होता, आणि वर खाऊनही झाला होता.

बी.ए. झाले. आत्यानं माझा निकाल गल्लीत घरोघरी पेढ्यांबरोबर नेला. इंग्रजीतला म्हणून तिला वाचता येत नव्हता, तरी गुणपत्रिका हातात धरून दाखवायची, उलटी धरली तरी कुणी तिला सांगत नसे. मग मला इंदूरला नोकरी लागली. निघायच्या दिवशी आत्या स्टेशनवर आली नाही. दारातूनच म्हणाली, “निघाल्यावर मागे बघू नये.” मी गल्लीच्या तोंडापर्यंत ट्रंक घेऊन ताठ मानेनं चालत गेले. उंबऱ्यावर ती उभी असणार हे मला ठाऊक होतं. मला माझा ताठ चालण्याचा अभिमानही वाटत होता. नळाशी रिक्षा उभी होती, तीत बसले आणि गेले.

त्यानंतर आत्या त्या दोन खोल्यांत आठ वर्षं राहिली. मी दिवाळीला यायची, पुढे एक दिवाळी सोडून एक यायची. फोनवर विचारायची, जेवलीस का. ती म्हणायची, “हो न. एकटीला किती लागतं.” ती गेली तेव्हा मी पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. ओट्यावर विरजणाचं भांडं झाकलेलं होतं, दही आंबून गेलं होतं. तो वास घेऊन मी परत गेले.

आज दुपारी टॉवेल खिडकीला लावून मी शेवटचा भाग बघितला.

मुलगी ताट उचलते. दोन्ही हातांत धरून एक पाऊल टाकते. इथं वीज गेली होती. यापुढचं मी आयुष्यात प्रथमच बघत होते. मुलगी दुसरं पाऊल टाकते आणि तिची आई झडप घालून तिला मागे ओढते. ताट पडतं. भात फरशीवर पसरतो. नंतर सकाळ होते. कुटुंब सामान बांधून बंगला सोडतं. दाराला कुलूप लागतं. गाडीत मुलगी मागच्या सीटवर बसलेली आणि बाप म्हणतो, पीछे मत देखना. मुलगी मान खाली घालते. गाडी धुक्यातून उतारावर लागते आणि वरच्या खिडकीत ती दिसते. लाल काठ. ती हात हलवत नाही, रडत नाही. गाडीकडे बघत नुसती उभी असते. मग नावं वर सरकू लागतात.

एवढंच. मांत्रिक नाही, मुक्ती नाही. तिला तिथं सोडून सगळे गेले.

व्हिडिओखाली लोकांनी लिहिलं होतं, बचपन याद आ गया, क्या दिन थे. एकानं लिहिलं होतं, एंडिंग में मज़ा नहीं आया. मी फोन उलटा ठेवला. वीज असती तर हा शेवट आत्यानं पाहिला असता. गुडघ्याला गुडघा लावून. त्या दिवसापुरतं तरी मी तिला त्यातून वाचवलं. आणि दोन वर्षांनी तोच शेवट मी तिला स्वतः दाखवला, ट्रंक हातात घेऊन, एकही फ्रेम न चुकवता.

पाच वाजता खाली उतरले. लॉजच्या भटारखान्यात साधा भात मिळाला. पोऱ्यानं विचारलं, दाल कौन सी. मी म्हटलं, दाल नको. समोरच्या दुकानातून मातीच्या कुल्हडमध्ये दही घेतलं. पाटणकर बाजारात पत्रावळींचं एक दुकान अजून आहे, तिथं द्रोण मिळाला. ढाकच्या पानाचा नाही, चंदेरी कागदाचा. कुंकू पर्समध्ये कुठून असणार. टिकली होती, ती राहू दिली.

आमच्या खोल्यांच्या जागी आता कापडाच्या दुकानाचं गोदाम आहे. शटर खाली होतं. नळ नाही. कडुनिंब आहे, त्याच्या बुंध्याला मोबाइल दुरुस्तीची पाटी ठोकली आहे. पाटीखाली बसलेल्या दुकानदारानं माझ्याकडे, मग द्रोणाकडे पाहिलं आणि समजूतदारपणे फोनमध्ये मान घातली. पन्नाशीकडे झुकलेली, चष्मा लावलेली, बी.ए. झालेली बाई भर बाजारात उतारा ठेवायला वाकलेली. मी भात नीट केला. दही वरून ओतलं. द्रोण कडुनिंबाच्या मुळाशी टेकवला.

वळले. तीन पावलं टाकली. चौथं टाकलं. गल्ली पूर्वीपेक्षा अरुंद वाटली. मागून शटरवर काही खरवडल्यासारखा आवाज आला, कदाचित वारा असेल. मी थांबले.

आणि पूर्ण वळून, चोरून नाही, उघड, मागे बघितलं.

बुंध्याआडून एक म्हातारी, कान फाटलेली कुत्री निघाली. ती द्रोणाजवळ आली नाही. गोदामाच्या पायरीवर उभी राहिली आणि माझ्याकडे बघू लागली, मी जाते की काय याची वाट बघत. तिला बहुधा मी जायला हवं होतं. पण मी गेले नाही. तिथेच, गल्लीच्या मध्यावर, स्कूटरवाल्यांना वळसे घालायला लावत उभी राहिले.

“ये,” मी म्हटलं. “जेव. मी आहे.”

बऱ्याच वेळानं ती पायरी उतरली.